गाडी बाजूला घ्या

वाचकहो, या पाक्षिकात आपण रक्तदाबाविषयी वाचतो, मधुमेहाविषयी वाचतो, मुलांच्या आहाराविषयी वाचतो. आज मी ज्या प्रसंगाविषयी लिहिणार आहे तो रुग्णालयात घडला नाही. तो रस्त्याच्या कडेला, एप्रिलच्या भर उन्हात घडला. त्या दिवशी माझ्या वडिलांचा जीव धोक्यात आला, आणि त्यात घसरलेल्या साखरेइतकाच माझ्या अहंकाराचाही वाटा होता. म्हणून हा लेख आरोग्याच्या पाक्षिकात लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत आहे.

आम्ही वडवणीचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, बहात्तर वर्षांचे. पंधरा वर्षांपासून मधुमेह, पाच वर्षांपासून इन्सुलिन. डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांना परजिल्ह्यातील एका रुग्णालयात नेले होते. रुग्णालयात गर्दी होती. एक वाजता व्हायचे जेवण अडीच वाजले तरी झाले नव्हते. ‘वाटेत कोठे तरी थांबू’ असे म्हणत मी गाडी हाकत होतो. शेजारी अप्पा, मागे पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. एका मोठ्या गावाच्या वेशीवर हवालदारांनी हात दाखवला. गावाचे नाव मी लिहीत नाही. ते कोणतेही गाव असू शकते.

माझा पट्टा लावलेला नव्हता. प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राची मुदतही संपून गेली होती. दोन्ही चुका माझ्याच. ‘हो, चुकले, दंड करा’ एवढे म्हणालो असतो तर पाच मिनिटांत सुटलो असतो. मी खाली उतरलो आणि म्हणालो, “त्या पुढच्या जीपला का नाही अडवलं? आम्हीच दिसतो का तुम्हाला?” हवालदारांचा आवाज चढला, त्यावर माझा चढला. त्यांनी खिडकीतून हात घालून गाडीची चावी काढून घेतली व खिशात टाकली. मी मोबाईल काढला, आमच्या तालुक्यातील एका पुढाऱ्याचे नाव घेतले, माझ्या शिक्षकी पेशाचाही दाखला दिला. जेवढे म्हणून बोलू नये ते सर्व बोललो.

गाडीच्या काचा विजेवर चालणाऱ्या. चावी गेली, वातानुकूलन बंद पडले, काचा वर तशाच राहिल्या. साखरेची पुडी आणि बिस्किटे ज्या पिशवीत होती ती डिकीत, आणि डिकीची चावीही त्याच जुडग्यात. मागून पत्नी हाका मारीत होती, “अहो, अप्पांकडे बघा.” मला ऐकू आले होते का? आज प्रामाणिकपणे सांगतो, आले होते. पण हातातले भांडण मला तेव्हा अधिक महत्त्वाचे वाटले.

अप्पा दार उघडून बाहेर आले. अंग घामाने निथळत होते, पाय ठरत नव्हते, जीभ जड झाली होती. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “म्हाताऱ्याला पण पाजलीय वाटतं.” आयुष्यात सुपारीचे खांड न खाल्लेल्या माणसाविषयी हे वाक्य. मी अंगावर धावून जाणार इतक्यात, कोपऱ्यात उभी असलेली एक तरुण महिला शिपाई पुढे आली. तिने अप्पांचा हात धरला आणि पत्नीला विचारले, “ताई, बाबाला शुगर हाय का?” उत्तराची वाट न पाहता ती चहाच्या टपरीकडे धावली, पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळून घेऊन आली. “बाबा, हळूहळू घ्या. मी धरते पेला.” तिच्या आजोबांना असेच होत असे, हे नंतर कळले.

पंधरा-वीस मिनिटांनी अप्पांनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “गाडी का थांबलीय?”

शरीरात काय घडते

वाचकहो, आधी शरीराची गोष्ट समजून घेऊ. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. आणखी उतरली की मेंदूला इंधन पुरत नाही. बोलणे अडखळते, चाल डगमगते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. दुरून पाहणाऱ्यास ही सर्व लक्षणे दारूची वाटतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. उपाय साधा आहे: माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि माझ्या शरीरात काय घडत होते? कोणी अडवले, दरडावले की अंगात अॅड्रेनलिन उसळते. नाडी वाढते, घसा कोरडा पडतो, हात कापतात, रक्तदाब चढतो. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी निसर्गाने दिलेली ही सिद्धता आहे. कागदपत्रे दाखवण्यासाठी ती निरुपयोगी. समोरच्या खाकी वेशातील माणसाचेही तेच होत असते. दोन चढलेले रक्तदाब समोरासमोर उभे राहतात आणि दोघेही त्याला स्वाभिमान म्हणतात.

यावरचा उपायही साधा आहे. गाडी थांबल्यावर बोलण्यापूर्वी दोन-तीन वेळा श्वास सावकाश सोडावा. आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब असावा. नाडी उतरते, आवाज खाली येतो.

हात दाखवल्यावर

त्या दिवसानंतर मी कायद्याचे पुस्तक उघडले. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

गणवेशातील पोलिसाने थांबण्याची खूण केली की थांबावे. इशारा देऊन गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, दोन्ही हात सुकाणूवर दिसतील असे ठेवावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना व नोंदणी प्रमाणपत्र दाखवणे आपले कर्तव्य आहे. कागदे घरी राहिली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांवरील प्रतीही ग्राह्य धरल्या जातात.

गाडीत आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, गरोदर स्त्री असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. “साहेब, वडील मधुमेही आहेत, जेवण राहिले आहे, कागद दाखवतो, त्यांना आधी काही खाऊ द्या.” मी हे वाक्य म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. मधुमेह, मिरगी, कमी ऐकू येणे यांपैकी काही असेल तर तसे लिहिलेले छोटे कार्ड परवान्यासोबत ठेवावे, आणि साखर डिकीत न ठेवता हाताशी ठेवावी.

मद्यपानाच्या तपासणीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिचा औषधांशी संबंध आहे. कायद्याने ठरवलेली मर्यादा शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे. आपल्या घरोघरी घेतली जाणारी आसवे व अरिष्टे आंबवून केलेली असतात, त्यांत मद्यार्क असतो. काही खोकल्याच्या औषधांत व तोंड धुण्याच्या द्रावणांतही असतो. ते नुकतेच घेतले असेल तर यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. तसे शांतपणे सांगावे, चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करण्याची विनंती करावी. रक्ततपासणीचीही सोय कायद्यात आहे. मात्र योग्य कारणाशिवाय चाचणीस नकार देऊ नये. तो नकार आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून धरला जाऊ शकतो.

दंड मान्य असेल तर भरावा, मान्य नसेल तर तेथे वाद घालू नये. ई-चलनाविरुद्ध महाट्रॅफिक अॅपवर तक्रार करता येते, न्यायालयात बाजू मांडता येते. परंतु पावतीविना एक रुपयाही देऊ नये. ‘मिटवून टाका’ हा शब्द दोन्ही बाजूंनी उच्चारला जातो हे आपण जाणतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळवावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

आणि पोलिसाच्या अंगाला हात लावू नये, वाट अडवू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ प्रमाणे तो वेगळाच गुन्हा होतो, आणि मूळ प्रश्न कितीही खरा असला तरी तो मागे पडतो.

त्यांची कर्तव्ये

आपली कर्तव्ये आहेत तशी त्यांचीही आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सांगितले. पुढे तो नियम संहितेतही आला. आपल्या बीड जिल्ह्यात तर या नावाच्या पट्टीला वेगळाच अर्थ आहे. मस्साजोगच्या सरपंचांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर जिल्हा जातीजातींत दुभंगला होता. त्या वातावरणात, २०२५ च्या आरंभी पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या पट्टीवर आडनाव न लिहिता केवळ नाव लिहिण्याचा आदेश दिला. समोरचा पोलीस कोणत्या जातीचा हे नागरिकाने पाहू नये आणि सहकाऱ्यानेही पाहू नये, हा हेतू. मला हा निर्णय आरोग्याचाच वाटतो. आडनाव वाचताच आपल्या मनात जे उसळते तेही एक दुखणेच आहे. मात्र एक लक्षात ठेवावे: तक्रार करायची वेळ आली तर नुसते नाव पुरत नाही, ठिकाण, वेळ, पोलीस वाहनाचा क्रमांक हेही टिपून ठेवावे.

परवाना ताब्यात घेतल्यास त्याची पोच देणे कलम २०६ प्रमाणे बंधनकारक आहे. नोंदणी किंवा आवश्यक परवाना नसणे अशा ठरावीक कारणांसाठी गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. पण पट्टा लावला नाही म्हणून चालत्या माणसाच्या गाडीची चावी हिसकून खिशात घालावी असे त्या कायद्यात मला कोठे आढळले नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. ई-चलनासाठी पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर छायाचित्रे काढू नयेत, असे महाराष्ट्राच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. आणि कायदा राबवणाऱ्यानेच वाहतुकीचा नियम मोडला तर त्यास दुप्पट दंड, असे २०१९ साली घातलेले कलम २१०-ब सांगते. शिरस्त्राणाविना दुचाकीवर जाणारा पोलीस दिसल्यावर आपण हसतो. हे कलम ठाऊक असेल तर हसण्यापलीकडेही काही करता येईल.

चित्रीकरणाविषयी नेहमी विचारले जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली वर्ध्याच्या एका प्रकरणात, आणि औरंगाबाद खंडपीठाने २०२४ साली आपल्या शेजारच्या पाथर्डीच्या प्रकरणात, पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातील निषिद्ध ठिकाण नव्हे, तेथील चित्रीकरण हा त्या कायद्याखालचा गुन्हा नव्हे, असे म्हटले आहे. म्हणून चित्रीकरण करावे, पण दोन हात दूर उभे राहून आणि तोंड बंद ठेवून. माझ्या त्या दिवशीच्या चित्रफितीत हवालदारांपेक्षा माझाच आवाज मोठा आहे. ती मी तक्रारीसोबत जोडली तेव्हा मलाच संकोच वाटला.

उन्हात उभा माणूस

आता दुसऱ्या बाजूनेही पाहू. आमच्या वडवणीवरून बीडहून परळीकडे जाणारा रस्ता जातो. ऊस गाळपाच्या हंगामात तेलगावच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, प्रत्येकास दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांस मागे लाल दिवाही नाही. रात्री त्या काळोखात दुचाकीस्वार आदळतो. तेव्हा पहाटेच्या थंडीत ट्रॅक्टर थांबवून परावर्तक चिकटवायला लावणारा पोलीसच असतो. शिरस्त्राणामुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत दिसले आहे. म्हणजे ज्याला आपण ‘छळ’ म्हणतो तो हात कित्येकदा आपल्या घरचे सुतक टाळण्यासाठी वर झालेला असतो.

आणि तो हात चाळीस अंशांच्या उन्हात तासन्‌तास वर होत असतो. धूर, धूळ, कर्णे. पायांच्या फुगलेल्या शिरा. जेवणाची वेळ ना झोपेची. महिला पोलिसांच्या बाबतीत साधी स्वच्छतागृहाची अडचण, ज्यामुळे पाणीच कमी पिण्याची सवय लागते. या सर्वांनी उद्धटपणाचे समर्थन होत नाही. पण उद्धटपणा कोठून येतो हे कळते, आणि कोठे उपाय करावा हेही कळते. पाळी आठ तासांची व्हावी, सावली व पाणी मिळावे, दरवर्षी तपासणी व्हावी, ही मागणी नागरिकांनीही करावी. पोलिसाचा रक्तदाब हा आपल्याही हिताचा प्रश्न आहे.

तक्रार करावी का?

करावी. मी केली. संताप ओसरल्यावर चौथ्या दिवशी केली. एक पान लिहिले: तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोण काय म्हणाले. विशेषणे खोडून टाकली. ते पान अप्पांना वाचून दाखवले. ते ऐकून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्यानं काय केलं ते लिहिलंस. तू काय केलंस ते लिहिलंस का?” मी दुसरे पान घेतले. माझा पट्टा नव्हता, प्रमाणपत्र मुदतबाह्य होते, मी आवाज चढवला, हे सर्व लिहिले. आणि त्या महिला शिपाईचे आभार मानणारा स्वतंत्र परिच्छेद लिहिला.

तक्रारीची वाट अशी आहे. प्रथम ठाण्याचे प्रभारी अधिकारी, मग जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. अर्जाची पोच घ्यावी. प्रकरण गंभीर असेल, म्हणजे मारहाण, बेकायदा डांबून ठेवणे, पैसे उकळणे, अधिकाराचा गैरवापर असे काही असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात अशी प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून त्यांची तरतूद केली. राज्याचे प्राधिकरण मुंबईत आहे आणि विभागीय प्राधिकरणांचीही रचना आहे. आपल्या मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगर येथे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण किमान वर्षभर जपून ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे; ते हवे असल्यास लगेच लेखी मागणी करावी, उशीर करू नये.

दीड महिन्याने मला जबाबासाठी बोलावले. ते हवालदार समोरच बसले होते. उन्हाबाहेर, पंख्याखाली, ते वेगळेच दिसत होते, वयाने माझ्याएवढेच. अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मला वाटलं घेतलीय. असे दहा येतात रोज.” माफी त्यांनी मागितली नाही. चावी का काढली, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. पुढे मला पत्र आले: संबंधितास लेखी समज देण्यात आली आहे, आणि मधुमेही रुग्ण कसा ओळखावा याची माहिती त्या ठाण्यातील कर्मचाऱ्यांना देण्यात आली आहे. पहिल्या वाक्याने मला थोडे समाधान दिले, दुसऱ्याने अधिक. बाहेर पडताना मी हवालदारांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि विचारले, “वडील कसे आहेत?”

वाचकहो, जाब विचारणे आणि भांडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला पन्नाशीत कळले. रस्त्यावर भांडलो तेव्हा माझ्या हाती काही लागले नाही, उलट वडील हातचे जाता जाता राहिले. कागदावर जाब विचारला तेव्हा पुढच्या कोणा मधुमेह्यास पेलाभर साखरपाणी मिळण्याची व्यवस्था झाली.

एक गोष्ट मात्र कोणत्याही अर्जाने पुसली जात नाही. त्या प्रसंगानंतर आठवडाभराने मुलगी अंगणात मैत्रिणींबरोबर ‘पोलीस-पोलीस’ खेळत होती. एकीने हात दाखवला, “गाडी बाजूला घ्या.” माझी मुलगी पोलीस झाली नव्हती, ती मी झाली होती. कमरेवर हात ठेवून, मान वर करून ती म्हणाली, “आम्हीच दिसतो का तुम्हाला?” बाकीच्या हसल्या. मी दारात उभा होतो.

आता गाडी सुरू करण्यापूर्वी ती माझा पट्टा तपासते, आणि अप्पांच्या खिशात साखरेची पुडी आहे की नाही हेही. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा अडवले. मी काच खाली केली, श्वास सोडला, म्हणालो, “नमस्कार साहेब, वडील मधुमेही आहेत.” कागद पाहून त्यांनी परत दिले. सर्व मिळून दोन मिनिटे लागली असतील. मागे वळून पाहिले तर मुलगी माझ्याकडेच पाहत होती.